चौरंगावरची आगगाडी

शाळामास्तराने खेळण्यांची स्तुती करावयास बसणे म्हणजे मांजराने उंदरांच्या गुणांवर व्याख्यान देण्यासारखे आहे, असे आमचे काही जुने विद्यार्थी म्हणतील. आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. छत्तीस वर्षांच्या आमच्या नोकरीत मुलांच्या हातांतून खेळणी काढून घेऊन त्या जागी पुस्तके ठेवणे, हाच आमचा मुख्य उद्योग होता. आमच्या मेजाचा डावीकडचा खण भोवरे, गोट्या, बेचक्या आणि शिट्ट्या यांनी सदैव भरलेला असे. मार्चअखेर तो रिकामा करून आम्ही ज्याची वस्तू त्यास परत देत असू. या न्यायबुद्धीचा आम्हांस त्या काळी अभिमान वाटे. परंतु आम्ही काढून घेतलेली एक वस्तू त्या खणात कधीच पडली नाही, आणि ती मार्चअखेर परतही गेली नाही. तिची हकीकत ओघाने पुढे येईलच.

2024 च्या उन्हाळ्यात आम्ही चिरंजीवांकडे कॅलिफोर्नियात सहा महिने राहावयास गेलो. तेथे पोहोचून चार दिवस झाले असतील-नसतील. चष्म्याचा स्क्रू पिळावयास काही मिळते का, हे पाहण्यासाठी आम्ही मोटार ठेवावयाच्या खोलीत शिरलो. तेथील मांडणीवर एकसारख्या मापाच्या अकरा लाकडी पेट्या ओळीने ठेवलेल्या दिसल्या. उंची सुमारे चार बोटे, लांबी हातभरापेक्षा कमी, खाली चार स्क्रूंचे पाय. थोडक्यात, आपल्याकडील पूजेचा चौरंगच. मात्र या चौरंगांवर देव नव्हते. एकावर भाताची खाचरे होती, एकावर बर्फाचा डोंगर, एकावर लोखंडी पूल. आणि प्रत्येकाच्या पुढच्या बाजूने, या कडेपासून त्या कडेपर्यंत, रुळांच्या दोन बारीक जोड्या सरळ गेलेल्या होत्या. "तुझी खेळणी मोठी सुरेख आहेत हो," असे आम्ही अकरा वर्षांच्या नातीस म्हटले. ती म्हणाली, "माझी नाहीत, आजोबा. बाबाची आहेत."

पन्नाशी उलटलेला, केस पिकू लागलेला आमचा मुलगा आगगाडीशी खेळतो, हे ऐकून आमच्यातील मुख्याध्यापक क्षणभर ताठ उभा राहिला. पण आता आमच्यापाशी छडीही नव्हती आणि खणही नव्हता.

पुढल्या शनिवारी त्याने आम्हांस गावातील वाचनालयाच्या दिवाणखान्यात नेले. घडीची मेजे मांडून ठेवलेली होती. एकेक मोटार येई आणि तीतून एकेक गृहस्थ आपापले चौरंग उतरवून घेई. त्यांत एक दंतवैद्य होते, टपालखात्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध होते, कॉलेजात शिकणाऱ्या दोघी बहिणी होत्या. घरी प्रत्येकाने आपापल्या लहरीप्रमाणे काम केलेले. दुसऱ्याने काय केले आहे, याची चौकशी कोणी केलेली नव्हती. तरी दीड तासात अठ्ठावीस चौरंग एकमेकांस जोडले गेले, चार कोपऱ्यांवर वळणाचे चौरंग बसले, आणि गाडी सुटली. जपानातील खाचरांतून निघून ती अमेरिकेच्या वाळवंटातील धान्याच्या कोठाराजवळून गेली, स्वित्झर्लंडच्या पुलावर चढली आणि उतरली ती थेट बर्फात. तासाला साठ किलोमीटरांची खरी चाल त्या मापात उतरविली, तर एक चौरंग ओलांडावयास तिला तीन सेकंद पुरतात. तीन सेकंदांत उन्हाळ्यातून हिवाळ्यात जाणारी गाडी आम्ही आयुष्यात प्रथमच पाहिली!

या विद्येचा थोडा इतिहास वाचकांस सांगणे अवश्य आहे. खेळातील आगगाड्यांस ठराविक रुंदीचे रूळ असावेत, म्हणजे आज घेतलेला डबा उद्या घेतलेल्या रुळावर चालेल, हा विचार जर्मनीतील मार्कलिन कारखान्याने 1891 साली लाइपझिगच्या जत्रेत मांडला. पुढे ही मापे लहान लहान होत गेली. 1960 नंतरच्या दोनतीन वर्षांत न्यूरेंबर्गच्या आर्नोल्ड कारखान्याने अवघ्या 9 मिलिमीटर रुंदीच्या रुळांची गाडी बाजारात रूढ केली. 1965 साली जपानात कातो कारखान्याने तिकडची पहिली अशी गाडी काढली. या मापास 'एन' असे नाव आहे. इंग्रजी 'नाइन' आणि जर्मन 'नॉइन' यांचे ते आद्याक्षर होय. आमच्या 'नऊ'चा आरंभही 'न'नेच होतो, हे आम्ही तेथील मंडळींस सांगितले, तेव्हा त्यांनी ती गोष्ट मोठ्या आदराने टिपून घेतली.

गाड्या लहान झाल्या. परंतु त्यांस मोकळेपणी धावावयास जागा हवीच. ज्याच्या घरी मोठे तळघर, त्याचीच हौस पुरी होणार, अशी स्थिती होती. तीवर 1973-74 च्या सुमारास कॅलिफोर्नियातीलच काही मंडळींनी तोड काढली. चार फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी फळी प्रत्येकाने करावी, तीवर कडेपासून ठरल्या अंतरावर तीन मार्ग घालावे, त्यांस तांबडा, पिवळा आणि निळा अशी नावे द्यावी, आणि सर्वांनी एकत्र जमून त्या फळ्या जोडाव्या. ही 'एनट्रॅक' पद्धती. पण चार फुटांची फळी उचलावयास दोन माणसे लागतात आणि ठेवावयास बऱ्यापैकी मोठी जागा लागते. जपानातील शहरी घरांत तेवढीही चैन परवडत नाही. तिकडील हौशी मंडळींनी साध्या मेजावर मांडता येतील असे छोटे तुकडे काढले, आणि 2000 नंतर लवकरच तीच कल्पना 'टीट्रॅक' या नावाने अमेरिकेत रुजली. आम्ही पाहिलेले चौरंग ते हेच. जर्मनीत 1981 साली स्थापन झालेली 'फ्रेमो' नावाची मंडळी तर याहून पुढे गेली आहेत. ती आपापले तुकडे जोडून खऱ्या रेल्वेप्रमाणे वेळापत्रक लावतात, आणि प्रत्येक मालडब्याबरोबर तो कोठून कोठे जावयाचा याची चिठ्ठी हिंडवितात. कुर्डुवाडीच्या मालधक्क्यावर जन्मभर बिल्ट्या लिहिलेल्या एका कारकुनाच्या मुलास हे ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

या सर्व व्यवस्थेतील एका बारीक गोष्टीने मात्र आमचे मन धरून ठेवले. चौरंगाची लांबी 308 मिलिमीटर असते आणि त्यावरील रुळांची 310. म्हणजे दोन्ही कडांस रूळ एकेक मिलिमीटर बाहेर डोकावतो. दोन चौरंग जोडले की रूळ रुळास घट्ट भिडतो. लाकूड मात्र लाकडास टेकत नाही, मध्ये दोन मिलिमीटरांची फट राहते. आम्हांस ती प्रथम कारागिराची चूक वाटली. मुलाने समजावून सांगितले की, लाकूड फुगते, कोणाची करवत वाकडी जाते, कोणाच्या भिंतीचा रंग जाड बसतो. पेट्या एकमेकांस टेकू दिल्या तर त्या रुळांस जुळू देणार नाहीत. म्हणून जे जुळावयास हवे तेवढेच जुळवावयाचे आणि बाकीच्यास मोकळे सोडावयाचे. सगळी सक्ती काय ती कडेपाशी: दोन मार्गांतील अंतर 33 मिलिमीटर, विजेच्या तारांचा क्रम निळी-पांढरी-पांढरी-निळी, उंची स्क्रू फिरवून शेजाऱ्याच्या उंचीशी सारखी. आत तुम्ही हिमालय उभारा की मसणवटा, तुम्हांस कोणी विचारणार नाही.

आमच्या शाळेत, आणि खरे सांगावयाचे तर आमच्या घरातही, नेमकी याच्या उलट रीत होती. आम्ही आतले सारे ठरवीत असू, आणि कडा जुळतात की नाही हे पाहण्याचे मात्र राहून जाई.

आता ती हकीकत. 1984 साली मुलाचे मामा जर्मनीहून परत आले, ते भाच्यासाठी एक छोटी आगगाडी घेऊन आले. एक इंजिन, चार डबे आणि लंबगोल रूळ. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. रोज रात्री जेवणे आटोपल्यावर तो फरशीवर रूळ मांडी. खाटेखाली बोगदा असे, आणि आमचा मोल्सवर्थचा कोश हा खंडाळ्याचा घाट असे. तीन वर्षे हा क्रम चालला. 1987 च्या जूनमध्ये तो दहावीत गेला. त्याच आठवड्यात आम्ही ती गाडी खोक्यात भरली आणि दूरच्या एका नातलगाच्या मुलास देऊन टाकली. "निदान माळ्यावर तरी ठेवा," असे आमच्या कुटुंबाने सुचविले होते; पण माळ्यावरची वस्तू खाली येऊ शकते, असा आमचा मुद्दा होता. परीक्षा झाल्यावर दुसरी घेऊ, असे आम्ही त्यास सांगितले. मुलाने "बरे" म्हटले. परीक्षा झाली, गुण उत्तम मिळाले, आम्ही पेढे वाटले. दुसऱ्या गाडीची आठवण त्यानेही केली नाही आणि आम्हीही केली नाही. त्याच्या त्या मौनास आम्ही आज्ञाधारकपणा असे नाव दिले आणि चारचौघांत त्याची वाखाणणीही केली. सदतीस वर्षांनंतर ते अकरा चौरंग पाहिल्यावर त्या मौनाचे ते नाव आमच्या तोंडी येईना.

ऑगस्टातील एका संध्याकाळी त्याने एक कोरा चौरंग आमच्यापुढे आणून ठेवला. "बाबा, एक तुम्ही करा. कडा नियमाप्रमाणे करून दिल्या आहेत. आत काय मांडायचे ते तुमचे तुम्ही ठरवा."

आम्ही कुर्डुवाडी ठरविली. आमचे बालपण तेथल्या स्टेशनावर गेले. मुंबईहून मद्रासकडे जाणारा मोठा मार्ग तेथून जाई, आणि त्याच्या कुशीत बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी उभी असे. 1897 साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअराने अडीच फुटी रुळांवर ती बार्शीपर्यंत नेली. 1906 साली ती पंढरपुरास पोहोचली आणि 1927 साली मिरजेस. आषाढीच्या दिवसांत तिच्या टपावर वारकरी बसलेले आम्ही पाहिले आहेत. परंतु आमच्या आठवणीत खोल रुतून बसला आहे तो मालधक्का. धाकटे रूळ आणि थोरले रूळ यांचे जुळत नसल्यामुळे मालाचे प्रत्येक पोते छोट्या डब्यातून उतरवून हमालांच्या पाठीवरून मोठ्या डब्यात चढवावे लागे. रात्रंदिवस तोच प्रकार! आमचे वडील कंदिलाच्या उजेडात पोती मोजीत आणि बिल्टी लिहीत.

हे सारे 308 मिलिमीटरांत बसवावयाचे. 160 नी गुणले असता ही लांबी होते सुमारे 49 मीटर. म्हणजे मोठ्या मार्गाचे दोन डबे उभे केले की कुर्डुवाडी संपली. पहिला आठवडा कागदावर आखून खोडण्यातच गेला. पूल गेला, पाण्याची टाकी गेली, आमच्या घराची चाळही गेली. शेवटी एक पत्र्याची शेड, एक कडुनिंब, समोरासमोर दोन डबे, त्यांच्या मधला धक्का आणि सहा हमाल एवढेच उरले. या मापातील माणूस एका सेंटिमीटराचा असतो. विकत मिळतात ती गोरी आणि टोपीवाली. त्यांच्या टोपीवर डिंकाचा थेंब ठेवून, तो वाळल्यावर रंगविला की मुंडासे होते. नात आमच्याहून बारीक रंगवीत असे, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

मापांवरून मात्र आमचे आणि चिरंजीवांचे वाजले. आपल्या मोठ्या मार्गाची रुंदी 1676 मिलिमीटर; तिचा एकशेसाठावा भाग साडेदहा मिलिमीटर होतो, नऊ नव्हे. "ही आमची कुर्डुवाडी नव्हे," असे आम्ही स्पष्ट बजावले. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, जपानी लोकांचे जुने मार्ग 1067 मिलिमीटरांचे आहेत. त्यांच्या एकशेपन्नासाव्या हिशेबाने रूळ सात मिलिमीटरांचे हवेत, तरी तेही नवावरच चालवतात. इंग्रजांचे प्रमाण एकशेअठ्ठेचाळीस, म्हणजे त्यांचे रूळही थोडे अरुंदच पडतात. प्रत्येकाने थोडे थोडे चुकीचे पत्करले, म्हणून सगळ्यांच्या गाड्या एका रुळावर येतात." आम्ही गप्प बसलो. बार्शी लाइनीचे पावणेपाच मिलिमीटरांचे रूळ मात्र आम्ही तांब्याच्या तारेचे आणि अगदी हिशेबात केले. त्यांवर गाडी चालावयाची नव्हती, त्यामुळे तेथे पूर्ण सत्य परवडण्यासारखे होते.

हमाल चिकटवीत असता नातीने विचारले, "आजोबा, ही माणसे इकडची पोती तिकडे का नेतात?" रूळ सारखे नव्हते म्हणून, असे आम्ही सांगितले. "मग सारखे का नाही केले?" आम्ही उत्तर दिले की, अरुंद मार्ग स्वस्तात होई, मोठा मार्ग करण्याइतके पैसे त्या मुलखात कोणी घातले नसते, आणि पुढे, आमच्या म्हातारपणी, तो सारा मार्ग रुंद झाला. तिचे समाधान झाले. आमचे मात्र झाले नाही. ज्यांनी प्रथम रूळ घातले त्यांस स्वस्ताई दिसली. पोती वाहणाऱ्यांची पाठ मात्र त्यांच्या हिशेबात आली नाही.

ऑक्टोबरात त्याच दिवाणखान्यात प्रदर्शन भरले. आमचा चौरंग एका बाजूस जपानी खाचरे आणि दुसऱ्या बाजूस दंतवैद्यांचे वाळवंट यांच्यामध्ये बसला. पहिली गाडी आली, मोठ्या डौलाने कुर्डुवाडीत शिरली, आणि शेडसमोर थांबली. ढकलली तर चाले, सोडली की पुन्हा थांबे. मागून येणारी गाडी बर्फात खोळंबली. मुले हसू लागली. "आजोबांच्या स्टेशनात सिग्नल मिळत नाही," असे नातीने इंग्रजीत जाहीर केले, तेव्हा मोठी माणसेही हसली. मुलगा आला, वाकला, रुळांवरून बोट फिरविले आणि हसला. रुळांखालची वाळू चिकटविताना आम्ही सढळ हाताने डिंक ओतला होता. त्याचा न दिसणारा पापुद्रा रुळांच्या माथ्यावर बसून वीज अडली होती. त्याने फडक्यावर स्पिरिट घेतले आणि चार वेळा पुसले. गाडी सुटली. त्याने आम्हांस दोष दिला नाही, की धडाही शिकविला नाही. आम्ही त्याच्या जागी असतो, तर या दोहोंपैकी एकही गोष्ट सोडली नसती.

दुपारी टपालखात्यातील वृद्ध गृहस्थांनी कापसात गुंडाळलेले एक इंजिन बाहेर काढले. ते त्यांनी तरुणपणी घेतलेले, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचे होते. त्यांनी ते रुळांवर ठेवले आणि ते किंचित कुरकुरत का होईना, अठ्ठावीसही चौरंग फिरून आले. आम्ही त्याच्याकडे पाहत राहिलो. 1984 ची ती गाडी याच नऊ मिलिमीटरांची होती, हे तोवर आमच्या ध्यानातच आले नव्हते.

रात्री सामान आवरताना दिवाणखान्यात आम्ही दोघेच उरलो. तो चौरंग सोडवून खोक्यांत घालीत होता. आम्ही खोक्यांवर झाकणे लावीत होतो. आम्ही विचारले, "मामांनी आणलेली ती गाडी आज असती, तर येथे चालली असती का रे?"

त्याचे हात थांबले. इतक्या वर्षांत त्या गाडीचा उच्चार आमच्या तोंडून प्रथमच झाला होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "चालली असती, बाबा. डबे मात्र हल्लीच्या गाडीला जोडता आले नसते. तेव्हाचे कपलिंग आर्नोल्डचे. सगळ्या कारखान्यांनी तेच उचलले होते. आता इकडे ते मागे पडले, दुसरे आले."

"म्हणजे उपयोग नसताच झाला."

"कपलिंग बदलता येते," तो म्हणाला, आणि कुर्डुवाडीचे खोके आमच्या हातांतून घेऊन त्याने ते मोटारीत सर्वांत वर ठेवले.

आम्ही क्षमा मागावयाचे ठरवून गेलो होतो. वाक्येही मनात जुळविली होती. ती बोलावयाची तशीच राहिली. तथापि घरी जाताना मोटारीत आम्ही दोघे मोल्सवर्थच्या घाटाविषयी बोललो. त्या घाटावर गाडी नेहमी कोणत्या बाजूस घसरे, हे त्यास अजून आठवत होते.

पुण्यास परतल्यावर आम्ही एक गोष्ट केली. कर्वे रस्त्याच्या परिसरात भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय 1998 पासून आहे. त्याच्यावरून आम्ही शेकडो वेळा गेलो असू. आत पाऊल टाकले नव्हते. यंदा तिकीट काढून गेलो. एक सबंध शहरच तेथे वसविले आहे. ते पाहून मन प्रसन्न झाले. आमच्या शेजारी नऊदहा वर्षांचा एक मुलगा गाड्यांवर डोळे लावून उभा होता, आणि त्याचे वडील क्लासला उशीर होतो म्हणून त्याचा हात ओढीत होते. अशा प्रसंगी आजवर आम्ही नेहमी वडिलांचीच बाजू घेत आलो आहोत. त्या दिवशी मात्र, ओळखदेख नसता, आम्ही त्या गृहस्थांस म्हणालो, "अहो, एवढी गाडी येऊन जाऊ द्या."

त्यांनी आमच्याकडे जरा त्रासिकपणेच पाहिले. पण मुलाचा हात सोडला.